मणका चौथा, मणका पाचवा

डॉक्टर आमच्याच हॉस्पिटलचे, म्हणून फी नाही.
पडद्यावर माझी पाठ लावून म्हणाले,
सिस्टर, चौथ्या-पाचव्याच्या मधली चकती सरकलीय.
ओझी उचलता का?

मला हसू आलं.
एका रात्रीत चौदा माणसं कुशीवर वळवते मी,
दर दोन तासांनी,
पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून.
त्यांच्या.

आधी गादी बदला, म्हणाले.

रुवीतल्या खोलीतली गादी लिन्सीची.
ती आयर्लंडला गेली तेव्हा बारा रियालला घेतली,
बादली आणि इस्त्री वर फुकट.
मधोमध तिच्या मापाचा खळगा होता.
ती माझ्याहून बुटकी, उजव्या कुशीवर झोपणारी.
नऊ वर्षं रोज सकाळी नाइट संपवून यायची,
पडदे ओढायची
आणि त्या खळग्यात उतरायची.
गुडघे पोटाशी घेतले की मावत होते.

घलामधल्या शोरूमला तौकीर नावाचा पोरगा.
त्यानं फोमवर पंजा दाबला, उचलला.
पाच बोटं सावकाश विझत गेली.
मेमरी, मॅडम. याच्या लक्षात राहतं.
मी मनात मोजलं : सहा सेकंद.
सुजलेल्या पायावर अंगठा रोवून
आम्ही असंच मोजतो, खड्डा भरायला किती लागतात ते.
सहा सेकंद हे काही चांगलं लक्षण नाही.

पाठीवर झोपून बघा, म्हणाला,
कमरेखाली हात घाला.
आरपार गेला तर कडक. अडकला तर मऊ.
सांगून तो पाठमोरा झाला,
उशांवरच्या किमती सरळ करत राहिला.

पहिलीखाली हात बोगद्यातून जावा तसा गेला.
दुसरीत मनगटापर्यंत रुतला.
एसी एकोणीसवर ठेवाल तर ही पाटा होते,
बंद केलात तर लोणी,
हे त्यानं आपणहून सांगितलं.
विकणाऱ्यानं खरं तर सांगू नये.

तिसरीखाली हात जेमतेम गेला, जेमतेम थांबला.
म्हटलं, एकच मिनिट.

जाग आली तेव्हा
माझ्या डोक्यावरचा तेवढा दिवा बंद होता.
बाकी दुकान लख्ख.
खाली चपला जोडीनं लावलेल्या, तोंडं दाराकडे.
पस्तीस मिनिटं झाली होती.
कुणी वळवलं नव्हतं मला.
कुणी सिस्टर म्हणून हाक मारली नव्हती.

दहा वर्षांची वॉरंटी, कार्ड भरताना तो म्हणाला.
सुनंदा भिंगारदिवे.
आडनाव त्याला तीनदा लिहावं लागलं.
दहा वर्षं!
माझा व्हिसा दोन-दोन वर्षांचा,
भाडं महिन्याचं,
नगरला आईला दर नाताळात सांगते, पुढच्या नाताळात.
इतक्या लांबची तारीख
माझ्या नावापुढे आजवर कुणी लिहिली नव्हती.

सुरळी करून आणली त्यांनी, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टची.
प्लास्टिक कापलं तसा तिनं सुस्कारा सोडला
आणि फुगत गेली, हळूहळू.
नळी काढलेल्या पेशंटची छाती बघावी
तशी मी बघत उभी राहिले.
खोलीभर रबराचा वास. खिडकी उघडली,
तर धूळ आत आली.

जुनी जिन्यात उभी करून ठेवली होती.
खालच्या मजल्यावर नवी आलेली जिस्मी,
अजून गणवेशाची घडी मोडली नाही तिच्या,
विचारत होती, चेची, ही कितीला?
खळगा आहे गं यात. दोघींचा.
उलटी घालीन.
उलटीही घालून झालीय, म्हटलं.

मग पर्स काढली.
पैसे पगारातून दे, घाई नाही.
घलाला जा, तौकीर कोण ते विचार,
आणि सुट्टीच्या दिवशी आंघोळबिंघोळ करून जाऊ नकोस.
नाइटवरून थेट जा.
दमलेली जा.